पोरं कवाधरनं बसल्यात

साताऱ्याहून सांगलीला न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना आम्ही अण्णांची सगळी औषधं पिशवीत भरून नेतो. पार्किन्सनच्या माणसाला नसलेलं दिसू लागलं की डॉक्टर आधी ती पिशवीच टेबलावर रिकामी करतात. लेव्होडोपा, कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल, अमँटाडिन, आणि तळाशी पाहुण्यांनी दिलेलं खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण. त्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतो. म्हणजे डोस नकळत वाढत होता.

मग प्रश्न सुरू होतात. दिवसा दिसतं की तिन्हीसांजेला? लघवीला जळजळ आहे? पाणी किती पितात? मोतीबिंदू? म्हाताऱ्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग झाला किंवा रक्तातलं सोडियम उतरलं, तरी एका रात्रीत भास उसळतात. आजार जुना होईल तसे ते निम्म्याहून अधिक रुग्णांना कधी ना कधी होतात.

अण्णांना आधी नजरेच्या कडेनं मांजर गेल्यासारखं वाटायचं, पाठीमागे कुणी उभं असल्यासारखं. पुढे पोरं आली. "ती पोरं कवाधरनं बसल्यात, त्यास्नी च्या द्या की." कुणी नाही म्हटल्यावर, "नसत्यात व्हय? बरं." हे 'बरं' आहे तोवर हाताशी वेळ आहे, असं मला वाटतं. तेव्हा वाद घालू नये आणि खोटा होकारही देऊ नये. मी म्हणते, "मला नाही दिसत, अण्णा. तुम्हाला भीती वाटते का त्यांची?"

शेजारी उतारा काढायला सांगतात. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यात रुग्ण तपासले, तिथेही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण देवऋषाकडे वाया गेलेले आठवडे कुठला कायदा परत देणार?

औषधं कमी करण्याला क्रम असतो. सहसा आधी ट्रायहेक्सिफेनिडिल, मग अमँटाडिन, लेव्होडोपाला हात सगळ्यात शेवटी. तो घरच्या घरी एकदम थांबवला तर अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जीवावर बेततं. आणि भास थांबवायला हॅलोपेरिडॉल कुणी सुचवलंच, तर पार्किन्सन आहे हे ठासून सांगायचं. त्यानं हालचाल पार गोठते.

आमच्याकडे चूर्ण बंद झालं, ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू सुटली. पोरं क्वचितच येऊ लागली. तरी डॉक्टरांनी आईंना बाजूला घेऊन सरळ विचारलं, "तुमच्यावर संशय घेतात का?" आई रडल्या. रात्री कुणी पुरुष घरात येतो म्हणून अण्णा त्यांना बोलत होते, आणि एवढ्या वर्षांच्या संसारानंतर हे सांगायचं तरी कुणाला! पोरं दिसणं आम्ही चारचौघांत सांगत होतो. हे आईंनी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. हाही आजाराचाच भाग आहे, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्या भेटीला त्या स्वतः वही घेऊन आल्या. किती वाजता बोलले, त्याआधी कुठली गोळी झाली होती, सकाळी आठवत होतं का, सगळं लिहिलेलं. ते वाचून डॉक्टरांनी रात्रीसाठी क्वेटियापिनचा अगदी लहान डोस लिहून दिला.