वितळले म्हणजे मिसळले?

प्लास्टिकचे भंगार दळून, धुऊन आणि वितळवून त्याचा पुन्हा दाणा करण्याच्या व्यवसायात, मग तो नागपूरजवळच्या हिंगण्यात असो वा मुंबईच्या धारावीत, एक समजूत सहज आढळते: दोन प्लास्टिके वितळली की दूधपाण्यासारखी एकजीव होतात, आणि न झाल्यास उष्णता किंवा एक्स्ट्रुडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राच्या, स्क्रूचा वेग वाढवला की काम भागते. १९४२ पासून चालत आलेल्या आणि २०२३ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत (एलआयटी) प्लास्टिक व बहुवारिक तंत्रज्ञान ही स्वतंत्र शाखा शिकवली जात असूनही ही समजूत टिकून आहे, याचे कारण एवढेच की वितळलेला रस डोळ्यांना एकसारखाच दिसतो.

बहुवारिक म्हणजे हजारो लहान रेणू साखळीसारखे जोडून बनलेला महारेणू. लहान रेणूंचे द्रव एकमेकांत विरघळतात, त्यामागे मिसळल्याने वाढणाऱ्या अव्यवस्थेचा, म्हणजे एन्ट्रॉपीचा, मोठा वाटा असतो. लांब साखळ्यांच्या बाबतीत ही वाढ नगण्य ठरते, आणि म्हणून दोन पदार्थांमधील किंचितशी नावडसुद्धा त्यांना वेगळे ठेवण्यास पुरते. फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी हे गणिताने मांडले. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनची, तरीही ती एकमेकांत विरघळत नाहीत. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात पसरतात, इतकेच. हे थेंब मोठे राहिले तर तयार वस्तूचा तुकडा वाकवताच पांढरा पडतो आणि मोडलेल्या कडेवर नखाने सुटतील असे पापुद्रे दिसतात. थेंबांचा आकार मात्र प्रक्रियेच्या हाती असतो.

तापमान वाढवल्याने मिश्रण सुधारते, हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. उष्णतेने रसाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, घटते. पण थेंबाला ताणून फोडणारा जोरही याच श्यानतेतून पोहोचत असल्याने भोवतालचा रस फार पातळ झाला की थेंब सुखरूप राहतो. कढीसाठी पातळ ताकात बेसन टाकले तर गुठळी कितीही ढवळली तरी गोल गोल फिरत राहते. म्हणूनच जाणत्या हाताने आधी थोड्या ताकात पीठ घट्ट कालवले जाते आणि मग ते सैल केले जाते. टेलर यांनी १९३४ साली प्रयोगाने दाखवले की फार घट्ट थेंब साध्या कर्तनाने, म्हणजे थरावरून थर सरकण्याने, फुटत नाही. ग्रेस यांच्या १९८२ च्या निबंधानुसार थेंबाची श्यानता भोवतालच्या रसाच्या सुमारे चारपट झाली की ही मर्यादा येते. तेथे ताणणारा प्रवाह लागतो, आणि जुळ्या स्क्रूच्या एक्स्ट्रुडरमधील मळणारे भाग तो काही प्रमाणात पुरवतात. काही जोड्या तर तापवल्यावरच वेगळ्या होतात: पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर थंड असताना एकजीव असतात आणि ठरावीक तापमानापलीकडे विलग होतात.

वेगाचेही तसेच. स्क्रू जोरात फिरवल्याने कर्तन वाढते, पण घर्षणाने रस बॅरलच्या, म्हणजे स्क्रूभोवतीच्या नळीच्या, काट्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा अधिक तापतो. अधिक वेळ मळण्याचाही फायदा मर्यादित असतो, कारण थेंबांचे बहुतेक विभाजन दाणा वितळतानाच्या पहिल्या टप्प्यात उरकते आणि पुढे फुटणारे थेंब व एकमेकांवर आदळून पुन्हा जुळणारे थेंब यांचा समतोल साधतो. ही जुळणी रोखण्यासाठी मॅलेइक अनहायड्राइड जोडलेल्या पॉलिओलेफिनसारखा मध्यस्थ घालावा लागतो. तो थेंबाच्या सीमेवर बसतो, पण दोन्ही बाजूंशी त्याचे जमायला हवे. वाटेल त्या जोडीला वाटेल तो मध्यस्थ चालत नाही.

नागपूरच्या संदर्भात आणखी एक समजूत तपासण्याजोगी आहे: मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पसरलेले पीईटी बाटल्यांचे तुकडे वाळलेलेच असतात. ते हाताला कोरडे लागतात, हे खरे. परंतु पीईटी हवेतील बाष्प आत शोषून घेते, आणि वितळवण्यापूर्वी हे पाणी दहा लाखांत सुमारे पन्नास भागांपर्यंत उतरावे लागते, ज्यासाठी साधारण १६० ते १७० अंशांची कोरडी हवा काही तास फिरवली जाते. तसे न केल्यास २५० अंशांच्या पुढे तेच पाणी साखळ्या तोडते, श्यानता कोसळते, आणि थेंब व भोवतालचा रस यांच्यातील श्यानतेचे जे गुणोत्तर कष्टाने साधलेले असते ते यंत्राचा एकही खटका न बदलता बिघडते. पावसाळ्यात, जेव्हा तुकड्यांत बाष्प अधिक शिरते, तेव्हा हाच बिघाड अधिक ठळकपणे दिसतो, आणि दोष बहुधा दाण्याच्या माथी मारला जातो.