आई-बापांचे दुःख आणि लेकरांची आत्मकथने

"आई-बापाची लाज चव्हाट्यावर कशाला मांडायची?" दलित आत्मकथनांचा विषय निघाला की आपल्यातील कित्येकजण आजही हा प्रश्न विचारतात. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' प्रसिद्ध झाले, तेव्हा समाजातील काही सुशिक्षितांनीही नाराजी व्यक्त केली होती. म्हणून या लेखकांनी आपल्या आई-बापांविषयी नेमके काय लिहिले आहे, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

'बलुतं'मध्ये दगडू आपली कहाणी दया पवार यांनाच सांगतो. म्हणजे लेखक स्वतःशीच बोलतो. त्याचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. दारूने त्यांचे घर पोखरले. दगडू हे झाकत नाही. पण त्याच वेळी तो कावाखान्यातील कोंदट बिऱ्हाडे आणि गावची महारकीही दाखवतो. बाप दिसतो, तसा बापाला घडवणारा समाजही दिसतो.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) दुःख वेगळे आहे. आई दलित, तर जन्मदाता सवर्ण पाटील. त्याने मुलाला आपले म्हटले नाही. शाळेत बापाचे नाव काय सांगावे, हा त्या पोराचा प्रश्न. त्याला जीव लावला तो आजी संतामाय आणि तिच्यासोबत राहणारे दस्तगीर जमादार यांनी.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. आई तमाशात नाचणारी. आजोबांचे घर मुलींच्या नाचावर चाले. लहानपणी आई दुरावली, याची सल पुस्तकभर आहे. तरीही डॉक्टर झालेल्या या मुलाने आपल्या नावापुढे आईचेच नाव लावले.

या तिन्ही पुस्तकांत आई-बापांवर खटला नाही, आणि खोटा गौरवही नाही. दुःख आहे, ते सांगितले आहे, त्याचे कारण शोधले आहे. दुःखाला कारण असते, हीच तर भगवान बुद्धांची शिकवण.

परंतु कारण सापडले म्हणून जबाबदारी संपत नाही. सिगालोवाद सुत्तात मुलांची आई-बापांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत, तशीच आई-बापांचीही पाच सांगितली आहेत. मुलांना पापापासून परावृत्त करणे हे त्यांतले पहिले. त्याच सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम आहेत : धननाश, कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. विहारात पंचशील ग्रहण करून घरी बाटली उघडणाऱ्याने आपल्या लेकरांच्या डोळ्यांकडे एकदा पाहावे.

अशा घरात वाढणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे : बापाचे व्यसन हा तुमचा दोष नाही, आणि ते लपवण्याचे ओझेही तुमचे नाही. विश्वासातील शिक्षकांशी, मावशी-मामांशी, संस्थेतील वडीलधाऱ्यांशी बोला. ते शक्य नसेल तर वहीत लिहा. आणि सभासदांना विनंती : असे पोर बोलू लागले तर त्याला "घरातली गोष्ट घरात ठेव" असे म्हणू नका. आधी ऐकून घ्या. या लेखकांनी लिहिण्याचे धैर्य केले. आपण निदान ऐकण्याचे तरी करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!