त्वचेवर बसणारे रबर : एका नव्या उद्योगाचा परिचय

पांढुर्णा व सौंसर येथील बाजारात लहानाचा मोठा झालेला व्यापारी माल हातात घेतल्यावाचून त्याचा भाव करीत नाही. कापूस बोटांनी ओढून तो धाग्याची लांबी जोखतो. संत्रे तळहातावर तोलून त्यातील रसाचा अंदाज करतो. प्रस्तुत लेखात ज्या मालाची ओळख करून द्यावयाची आहे, तो मात्र हाताने पारखता येण्याजोगा नाही. संत्र्याच्या फोडीवर जसा नाजूक पापुद्रा असतो, तशी ही रबराची पट्टी अंगावर चिकटवली म्हणजे ती हृदयाचे ठोके, अंगाची उष्णता किंवा घामातील क्षार मोजण्याचे काम करते. तिला त्वचा-संवेदक असे म्हणतात.

या पट्टीचे मुख्य द्रव्य जे सिलिकोन, ते रबराच्या झाडापासून मिळत नाही. त्याचे मूळ गारगोटीत व वाळूत आहे. वाळूपासून सिलिकॉन धातुकल्प काढावयाचा, त्याची भुकटी तांब्याच्या साहाय्याने सुमारे ३०० अंश उष्णतेवर मिथिल क्लोराइड वायूशी संयोग पावू द्यावयाची, ही रीत १९४० साली अमेरिकेत यूजीन रोचो यांनी शोधून काढली आणि तेव्हापासून सिलिकोन हा कारखान्यात तयार होणारा माल झाला. तो उष्णतेने लवकर बिघडत नाही व त्वचेला सहसा अपाय करीत नाही; म्हणून वैद्यकाने त्याचा अंगीकार केला.

परंतु केवळ रबर मोजमाप करीत नाही. त्यावर धातूची तार हवी, आणि अडचण नेमकी येथेच होती. मनुष्याची त्वचा सुमारे तीस टक्के ताणली जाते. धातूचा पातळ थर एक-दोन टक्के ताणातच तडकतो. यावर तोड निघाली ती साधी होती. तार सरळ न ठेवता नागमोडी ठेवावयाची, म्हणजे ताण पडला तरी वळणे उलगडतात आणि धातू तुटत नाही. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशी पट्टी जगापुढे मांडली. लहान मुले पाण्याने हातावर चित्र उमटवितात, तद्वत ती त्वचेवर बसे आणि डिंकावाचून चिकटून राहत असे. पुढे २०१९ साली शिकागो येथे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर अशा दोन पट्ट्या, एक छातीवर व एक पायावर, लावून पाहण्यात आल्या. तारांच्या जंजाळातून सुटलेले मूल आईला उराशी धरता येऊ लागले. या उद्योगाचे खरे मोल येथे दिसते.

आता निर्मितीकडे वळू. सिलिकोन दोन द्रवांच्या रूपाने येते. मूळ द्रव दहा भाग व घट्ट करणारा द्रव एक भाग, असे वजनाने मिसळतात. घोटताना शिरलेली हवा निर्वात पात्रात काढून टाकतात. मग तो द्रव गुळगुळीत चकतीवर ओतून चकती वेगाने फिरवितात; वेग जितका अधिक, तितका थर पातळ. शंभर अंश उष्णतेच्या भट्टीत सुमारे पस्तीस मिनिटांत थर पक्का होतो, आणि त्याच मालाला साध्या हवेत दोन दिवस लागतात. घाम वाहून नेणाऱ्या पट्टीसाठी बारीक पन्हळी कोरलेला साचा वापरतात. साचा महाग असतो, परंतु एकाच साच्यातून अनेक नग निघतात.

माल वाया जातो तो क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी. एखादा बुडबुडा राहिला की तेथे पट्टी फाटते. धुळीचा कण बसला की तार तुटते. म्हणून गाळलेल्या हवेच्या बंदिस्त खोल्यांत काम चालते. गंधकाचा अंश लागला तर सिलिकोन घट्टच होत नाही, चिकट राहते. कामगाराने साधे रबरी हातमोजे घातले तरी तेवढ्याने घाणा बिघडू शकतो. पट्टीखाली घाम कोंडला तर त्वचा ओली राहून सोलवटते. यांपैकी पुष्कळ दोष डोळ्यांना दिसत नाहीत. ते कळावयास मोजणी व नोंदवही हवी.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात फिरत्या चकतीऐवजी पॉलियुरेथेनच्या तयार पातळ पडद्याच्या गुंडाळ्या घेऊन त्यांवर चांदीच्या शाईने नक्षी छापण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ही छपाई जाळीतून होते. लग्नपत्रिका व पिशव्या छापणाऱ्यास ती परकी नाही. मात्र कायदा कडक आहे. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली झाले; उपकरणांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग पाडले असून पहिल्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून व उरलेल्या दोहोंना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना आवश्यक झाला आहे.

मग आपल्यासारख्यांनी याचा विचार का करावा? ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे. सौंसरजवळ बोरगावचे औद्योगिक क्षेत्र असून तेथे रेमंडची कापड गिरणी कित्येक वर्षे चालू आहे. म्हणजे यंत्रावर शिस्तीने काम करणारा हात या भूमीत आहे. नागपूरची रुग्णालये व महाविद्यालये दूर नाहीत. शिवाय वैशाखात जिनिंगमध्ये व बागेत राबणाऱ्या मजुराला ऊन किती बाधले, हे वेळीच सांगणारे साधन आपल्याच लोकांच्या उपयोगी पडणारे आहे.

तथापि उत्साहाच्या भरात एकदम भांडवल गुंतवू नये. प्रथम पट्ट्या कापणे, चिकटपट्टी लावणे, वेष्टन करणे यांसारखी सोपी कामे करावीत. घरातील एका मुलास वा मुलीस हे शास्त्र शिकू द्यावे. आणि संवेदकाचे काम सर्वांत शेवटी हाती घ्यावे. कापसाच्या गाठीत ओल निघाली तर सौदा मोडतो, पण आजाऱ्याच्या छातीवरील पट्टीने खोटा आकडा दाखविला तर जिवावर बेतते. ज्या पेढीला हा भेद कळला, तिनेच या धंद्यात पाऊल टाकावे.