आटलेली बोअर उघडी ठेवू नका

पनवेलकरांना ओएनजीसी नवी नाही. तेलविहीर आटली की ती तशीच सोडून देता येत नाही. आत सिमेंटचे बूच भरून ती कायमची बंद करावी लागते. नाहीतर वायू वर येतो आणि भूजलात तेल व खारे पाणी मिसळते.

आपल्या शेतातल्या किंवा सोसायटीतल्या आटलेल्या बोअरकडे मात्र आपण ढुंकूनही पाहत नाही. मोटर काढली, पाइप विकला, की तोंड उघडेच. पावसाळ्यात शेणाचे, गटाराचे पाणी त्यातून सरळ खाली जाते. मातीतून गाळले जात नाही. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहते. त्यामुळे ही घाण शेजारच्या चालू बोअरलाही पोहोचू शकते. त्यातून जुलाब, कावीळ, विषमज्वर पसरतात.

दुसरा धोका लहान मुलांना. २००६ साली हरियाणात एक मूल अशाच खड्ड्यात पडले. लष्कराने त्याला सुमारे दोन दिवसांनी जिवंत बाहेर काढले. प्रत्येक मूल इतके नशीबवान नसते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरावी. नियम आहे, तो पाळायला हवा.

म्हणून एवढे करा :

* बोअरमध्ये कचरा किंवा सांडपाणी सोडू नका.
* बुजवेपर्यंत तोंडावर घट्ट झाकण बसवा.
* उघडी बोअर दिसल्यास ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कळवा.
* जवळच्या बोअरचे पाणी तपासून घ्या. तोपर्यंत उकळून प्या.