मोटरहोमसाठी सुवाह्य उपग्रह डिश

मोटरहोमच्या टपावर कायम न बसवता मुक्कामाच्या ठिकाणी तिवईवर उभी करून वाहनातील दूरचित्रवाणी संचाला जोडता येणाऱ्या डिश अँटेनाला सुवाह्य उपग्रह डिश असे म्हणतात. ब्रिटन व पश्चिम युरोपात मोटरहोमने प्रवास करणाऱ्यांमध्ये तिचा वापर रूढ आहे. तिचा व्यास साधारणतः ३५ ते ८५ सेंटिमीटर असतो. टपावरची डिश वाहनाबरोबर सावलीत अडकते. सुवाह्य डिश मात्र वाहन झाडाखाली ठेवून काही मीटर अंतरावरील मोकळ्या जागी नेता येते. हाच तिचा मुख्य लाभ होय. या लेखातील कोन व आकडे प्रामुख्याने ब्रिटनमधील वापराला अनुसरून दिले आहेत.

कार्यतत्त्व

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर कक्षेत असतात. पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेगाने ते फिरत असल्याने जमिनीवरून पाहता आकाशात एकाच बिंदूवर स्थिर भासतात. त्यामुळे एकदा रोखलेली डिश पुन्हा हलवावी लागत नाही. अर्थात हे वाहन जागेवरून हलेपर्यंतच खरे. मोटरहोमच्या प्रवाशाला प्रत्येक मुक्कामी दिशा नव्याने साधावी लागते आणि साऱ्या अडचणींचे मूळ येथेच आहे.

ब्रिटिश वाहिन्या पूर्व रेखांश २८.२ अंशावरील अ‍ॅस्ट्रा उपग्रहांवरून प्रक्षेपित होतात. ६ मे २००८ रोजी सुरू झालेली फ्रीसॅट ही विनाशुल्क सेवा आणि स्काय ही सशुल्क सेवा, दोन्ही याच स्थानावरून मिळतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ असते. एवढ्या उच्च वारंवारतेचा संकेत साध्या केबलमधून फार दूर टिकत नाही. म्हणून डिशच्या नाभीवर बसवलेला एलएनबी हा घटक तो वाढवतो आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवून केबलमध्ये सोडतो. एलएनबीला लागणारी वीज सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून उलट दिशेने पाठवतो. १३ व्होल्ट दिल्यास उभ्या ध्रुवणाचा आणि १८ व्होल्ट दिल्यास आडव्या ध्रुवणाचा संकेत निवडला जातो. त्यासोबत २२ किलोहर्ट्झचा स्वर पाठवल्यास पट्ट्याचा वरचा भाग मिळतो. केबल हा येथे दुहेरी मार्ग आहे, ही गोष्ट लक्षात ठेवली तर जोडणीतील बहुतेक दोषांचा उलगडा आपोआप होतो.

जागेची निवड

दिगंश आणि उन्नतांश या दोन संज्ञा ग्रहताऱ्यांच्या वेधांसाठी मराठीत पूर्वीपासून आहेत. डिशलाही त्याच लागू पडतात. लंडनहून पाहता हा उपग्रह सुमारे १४५ अंश दिगंशावर, म्हणजे आग्नेयेकडून किंचित दक्षिणेला, आणि क्षितिजापासून अवघ्या २५ अंश उंचीवर असतो. स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे हा उन्नतांश १९ अंशांच्या आसपास उतरतो. इतक्या कमी उंचीमुळे दूरचे झाडही आड येते. डिशपेक्षा १० मीटर उंच असलेले झाड लंडनजवळ निदान २१ मीटर, तर इन्व्हर्नेसला सुमारे ३० मीटर लांब असावे लागते. हिवाळ्यात पर्णहीन फांद्यांतून उत्तम दिसणारे चित्र वसंतात पालवी फुटताच नाहीसे होते, कारण ओली पाने या लहरी शोषून घेतात. प्लॅस्टिकच्या खिडकीतून किंवा तंबूच्या कोरड्या कापडातून संकेत काही अंशी येऊ शकतो. त्यावर विसंबणे मात्र शहाणपणाचे नाही.

दिशेचा सर्वांत सोपा पुरावा बहुधा समोरच असतो. आसपासच्या घरांच्या भिंतींवरील डिश एकाच दिशेकडे तोंड करून असतात. होकायंत्र वापरायचे असल्यास ते वाहनाच्या धातूपासून दूर धरावे.

केबलची जोडणी

अनेक मोटरहोमच्या बाहेरील भिंतीवर झाकण असलेली अँटेनाची खोबण असते आणि तिचे दुसरे टोक आत संचाच्या जागी निघते. ही खोबण उपग्रह संकेतासाठी आहे की भूप्रक्षेपित वाहिन्यांच्या टपावरील अँटेनाशी जोडलेली आहे, हे आधी तपासणे अगत्याचे ठरते. भूप्रक्षेपणाचा प्रवर्धक ९५० मेगाहर्ट्झच्या वरचा संकेत सहसा पुढे जाऊ देत नाही. एलएनबीकडे जाणारी वीजही तो अडवतो. डिश अचूक लागलेली असूनही संच मुका राहतो, त्याचे हे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी बॉक्सपासून डिशपर्यंत एकच अखंड केबल तात्पुरती लावून पाहावी. चित्र आले तर दोष वाहनातील तारांत आहे, डिशमध्ये नाही.

केबल ७५ ओहमची, तांब्याचा गाभा व दुहेरी आवरण असलेली असावी. चांगल्या केबलमध्ये १० मीटरला होणारा सुमारे ३ डेसिबलचा ऱ्हास एलएनबीच्या ५० ते ६० डेसिबल वाढीपुढे नगण्य असतो. त्यामुळे लांबीची धास्ती घेण्याचे कारण नाही. खरी काळजी टोकांची घ्यावी. स्क्रूप्रमाणे फिरवून बसणारा एफ कनेक्टर लावताना बाहेरील जाळी मागे दुमडतात आणि मधली तार काही मिलिमीटर पुढे ठेवतात. जाळीचा केसाएवढा धागा जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्टसर्किट होऊन बॉक्स एलएनबीचा पुरवठा तोडतो. म्हणून कनेक्टर जोडताना वा काढताना बॉक्स बंद ठेवावा. उघड्यावरील सांध्यात पाणी शिरल्यास तांबे हिरवे पडते आणि चित्र हळूहळू ढासळत जाते, त्यामुळे तेथे रबरी टोपी घालणे इष्ट.

बाहेरील खोबण नसलेल्या वाहनात केबल खिडकीच्या फटीतून आत घेतात, त्यासाठी चपटा जोडतुकडाही मिळतो. जमिनीलगतच्या झरोक्यातून केबल घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाल्यास तो या झरोक्यांतूनच बाहेर पडावा अशी योजना असते. केबलभोवती चिंध्या कोंबून वाऱ्यासाठी झरोका बुजवणे म्हणजे चित्राच्या मोबदल्यात झोपलेल्या माणसांचा जीव पणाला लावणे होय.

दिशा साधणे

बहुतेक डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. लहरी त्यांच्या पृष्ठभागावर काटकोनात न येता सुमारे २२ ते २६ अंश वरून येतात. परिणामी ब्रिटनमध्ये बरोबर लागलेली डिश जवळजवळ उभी दिसते. ती आकाशाकडे पाहात नाही असे वाटून नवखा माणूस तिला मागे कलवतो आणि उपग्रह गमावतो. आधी तिवई पाणसळीने सपाट करावी, कारण तिवई कललेली असेल तर डिशच्या पाठीवरील अंशांच्या खुणांना अर्थ राहत नाही. त्यानंतर उन्नतांश ठरवून डिश केवळ आडवी फिरवावी.

फिरवण्याची गती हा कौशल्याचा भाग आहे. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम ३ अंश रुंद असतो, आणि अंकीय संकेत ओळखण्यास बॉक्सला एक-दोन सेकंद लागतात. भराभर फिरवल्यास बॉक्सला कळण्याआधीच उपग्रह मागे पडतो. अंशभर सरकवावे, थांबावे, पुन्हा सरकवावे. ३५ सेंटिमीटरच्या डिशचा झोत अधिक रुंद असल्याने ती लवकर लागते, पण पावसात लवकर सुटते.

केबलच्या मध्ये जोडायचा संकेतदर्शक आवाज करून उपग्रह सापडल्याचे सांगतो. कोणता उपग्रह, हे मात्र तो सांगत नाही. पूर्व रेखांश १९.२ अंशावरील अ‍ॅस्ट्राचे संकेत प्रबळ असल्याने पुष्कळदा तोच प्रथम लागतो आणि पडद्यावर जर्मन वाहिन्या उमटतात. लंडनहून तो अपेक्षित उपग्रहाच्या उजवीकडे सुमारे १० अंश व ३ अंश वर असतो. तेव्हा डिश तेवढीच डावीकडे व खाली आणावी. बॉक्सच्या पडद्यावर ‘तीव्रता’ आणि ‘गुणवत्ता’ अशा दोन पट्ट्या दिसतात. पैकी दुसरीच विश्वसनीय असते. शेवटी एलएनबी स्वतःभोवती थोडा फिरवून ध्रुवणाचा कल जुळवावा. पाहणारा उपग्रहाच्या रेखांशापासून जितका दूर, तितका हा कल वाढतो.

वाऱ्यात डिश शिडासारखी वागते. तंबूच्या खुंट्यांनी तिवई बांधणे किंवा मध्यभागी पाण्याची पिशवी टांगणे आवश्यक असते. पायवाटेवरील केबलला अंधारात अडखळणे, वादळात ती जोडलेलीच ठेवणे आणि सकाळी डिश विसरून वाहन हाकणे, हे अपघात टाळता येण्याजोगे आहेत.

विद्युतपुरवठा

मुक्कामी वीजजोडणी नसल्यास भार १२ व्होल्टच्या दुसऱ्या बॅटरीवर पडतो. ३० वॅटचा संच व १५ वॅटचा बॉक्स मिळून सुमारे ४ अँपियर प्रवाह घेतात. तीन तासांत १२ अँपियर-तासांच्या आसपास वीज खर्च होते. १०० अँपियर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे हितावह असल्याने हा खर्च लहान म्हणता येत नाही. ब्रिटनमधील घरचा दूरचित्रवाणी परवाना फिरत्या मोटरहोमलाही लागू होतो.

इतर प्रदेशांत

२०१२ ते २०१४ दरम्यान सोडलेल्या अ‍ॅस्ट्रा २एफ, २ई व २जी या उपग्रहांचा एक झोत ब्रिटनवर केंद्रित असून प्रमुख विनाशुल्क वाहिन्या त्यावर आहेत. फ्रान्सच्या उत्तर भागात छोटी डिश चालते, परंतु दक्षिण स्पेनमध्ये मीटरभर व्यासाचीही पुरत नाही. तेथे उपकरणात दोष शोधत बसणे व्यर्थ असते. १९.२ अंशावरील जर्मन वाहिन्या मात्र तेथेही लहान डिशवर मिळतात. अमेरिकेतील मोटरहोममध्ये एकाच वेळी अनेक उपग्रहांकडे रोखलेल्या आणि घुमटाकार आवरणातील स्वयंचलित अँटेना अधिक आढळतात.

भारतात मोटरहोम अजून विरळ आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. डीडी फ्री डिश ही प्रसार भारतीची विनाशुल्क सेवा पूर्व रेखांश ९३.५ अंशावरील जीसॅट-१५ वरून मिळते. मुंबईहून या उपग्रहाचा दिगंश सुमारे १३१ अंश, तर उन्नतांश सुमारे ५७ अंश आहे. त्यामुळे येथे १० मीटर उंच झाड साडेसहा मीटरवर असले तरी संकेत अडत नाही, आणि ब्रिटनमध्ये उभी दिसणारी तीच डिश येथे स्पष्टपणे मागे रेललेली दिसते. पावसाळ्यातील मुसळधार सरींत चित्र काही मिनिटे जाते. ती ओसरेपर्यंत डिशला हात न लावणे उत्तम.