पिस्तुलाचा विमा, जखमीचा खर्च

पुण्यात पिस्तुलाचा परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार अर्जासोबत मानसिक व शारीरिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला लागतो. म्हणून हा विषय आम्हा डॉक्टरांचाही आहे.

1988 च्या मोटार वाहन कायद्याने स्कूटरला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. पिस्तुलाला तशी सक्ती नाही. चुकून गोळी सुटली, तर शस्त्रक्रिया, रक्त, औषधे यांचा खर्च आधी जखमीच्या कुटुंबावर पडतो. भरपाईसाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. अमेरिकेतील सॅन होजे शहराने 2022 मध्ये शस्त्रधारकांना अशा अपघातांचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडेही तो असावा, असे मला वाटते. मात्र जाणूनबुजून झाडलेल्या गोळीला विमा लागू होत नाही आणि गेलेला जीव पैशाने परत येत नाही.

तेव्हा शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे, काडतुसे वेगळ्या कुलपात. घरात कोणी खचलेले किंवा दारूच्या आहारी गेलेले असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे व डॉक्टरांना गाठावे. गोळी लागलीच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी, गोळी काढू नये आणि 108 ला फोन करावा.