लघु जैवतंत्रज्ञान कंपन्या आणि आपण : अनुदान, भागीदारी व सावधगिरी

जैवतंत्रज्ञान हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर मोठ्या प्रयोगशाळा व परदेशी कंपन्या उभ्या राहतात. वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे. या क्षेत्रातील बहुसंख्य कंपन्या तीनचार तरुण शास्त्रज्ञांनी भाड्याच्या प्रयोगशाळेत चालविलेल्या आहेत. वनस्पतींच्या अर्काचे प्रमाणीकरण, जंतुसंसर्गाच्या चाचण्या, आंबवण्याच्या प्रक्रिया हे त्यांचे कार्यक्षेत्र असते. ज्ञान आहे पण भांडवल नाही, ही त्यांची अडचण आपल्या लहान फार्मसीच्या अडचणीपेक्षा फारशी वेगळी नाही. या दोघांनी एकत्र यावे असे आम्हांस मनापासून वाटते. मात्र एकत्र येण्यापूर्वी कोणता पैसा कोणत्या अटीवर येतो आणि आपल्या हातून काय जाते, याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

पैसा चार प्रकारचा

पहिला प्रकार अनुदानाचा. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये बायरॅक ही संस्था स्थापन केली. तिच्या 'बिग' योजनेत नव्या कल्पनेची सिद्धता तपासण्यासाठी सुमारे १८ महिन्यांच्या कालावधीकरिता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. रक्कम टप्प्याटप्प्याने, ठरलेले काम पूर्ण झाल्यावर दिली जाते. आणि निर्माण झालेल्या बौद्धिक संपदेची मालकी अर्जदाराकडेच राहते. महाराष्ट्रातील वैद्यांना या योजनेचे जवळचे द्वार म्हणजे पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील व्हेंचर सेंटर. तेथे अर्जाबाबत मार्गदर्शन मिळते, तसेच नवोदित कंपन्यांना प्रयोगशाळेची जागा व उपकरणेही वापरता येतात.

दुसरा प्रकार कर्जाचा. १९९६ मध्ये स्थापन झालेले तंत्रज्ञान विकास मंडळ देशी तंत्रज्ञान बाजारात आणण्यासाठी प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत सवलतीच्या व्याजाने कर्ज देते. हा पैसा परत करावयाचा असतो; म्हणून संशोधनाच्या पहिल्या पायरीवर त्याचा विचार करू नये. औषध तयार आहे, परवाना आहे, फक्त उत्पादन वाढवावयाचे आहे, अशा वेळी तो उपयोगी.

तिसरा प्रकार भागभांडवलाचा. येथे व्याज नसते, परंतु कंपनीचा हिस्सा जातो, आणि हिश्शाबरोबर निर्णयाचा अधिकारही जातो. चौथा प्रकार परवान्याचा : आपण विकसित केलेली कृती दुसऱ्यास ठराविक शुल्क व विक्रीवरील रॉयल्टी घेऊन वापरावयास देणे. लहान फार्मसीस हा चौथा मार्ग सर्वांत सोयीचा, असे आमचे मत आहे. परंतु या मार्गावर काट्यांची कमतरता नाही.

'जीवनी'चा धडा

याचे सर्वपरिचित उदाहरण केरळातील आहे. डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पुष्पांगदन व त्यांचे सहकारी अगस्त्य पर्वताच्या रानात वनस्पतींचे सर्वेक्षण करीत होते. बरोबरचे काणी आदिवासी वाटाडे एक फळ चघळत न थकता चढत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. ती वनस्पती आरोग्यपच्चा, शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. तिरुवनंतपुरमजवळील पालोडे येथील वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्या पानांवर काम केले, त्यांत अश्वगंधा, पिंपळी व शंखपुष्पी यांची जोड दिली आणि 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये त्याच्या निर्मितीचा परवाना कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस सात वर्षांसाठी देण्यात आला. शुल्क १० लाख रुपये, शिवाय विक्रीवर २ टक्के रॉयल्टी. आणि या उत्पन्नाचा अर्धा भाग काणी समाजास.

ज्यांच्याकडून ज्ञान मिळाले त्यांस वाटा देण्याचा हा निर्णय जैवविविधता कायद्याच्या कितीतरी आधीचा होता. त्याचे जगभर कौतुक झाले, ते योग्यच झाले. परंतु पुढील प्रवास सुकर नव्हता. पैसा स्वीकारण्यासाठी समाजाची विश्वस्त संस्था नोंदवेपर्यंत १९९७ साल उजाडले. काही वस्त्यांनी आपणांस विचारलेच नाही अशी तक्रार केली. पाने गोळा करण्यास वनविभागाने हरकत घेतली. रानाबाहेर लावलेल्या रोपांत अपेक्षित गुण उतरेनात, त्यामुळे कच्च्या मालाचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत तर एका वेगळ्याच कंपनीने 'जीवनी' हे नाव आपला व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले.

पैशाची रक्कम येथे ठरली होती, टक्केवारी ठरली होती. माल कोठून येणार, नाव कोणाचे आणि वाट्याचा पैसा कोणत्या हाती पडणार, हे तीन प्रश्न मात्र नंतर सुटावयाचे म्हणून मागे राहिले. आपल्यापैकी कोणीही करार करताना हेच तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

आपण काय आणतो, ते काय आणतात

भागीदारीत वैद्य रिकाम्या हाताने जात नाही. वर्षानुवर्षांच्या रुग्णनोंदी, द्रव्याची अचूक ओळख, अनुपानाचा व पथ्याचा अनुभव हे त्याचे भांडवल. फार्मसीचालकाजवळ शेड्यूल 'टी'नुसार चालणारा कारखाना व अन्न व औषध प्रशासनाचा निर्मितीपरवाना असतो. स्वतःचा कारखाना नसलेली लहान कंपनी आपल्या कारखान्यात लोन लायसन्सवर उत्पादन करू शकते, आणि यातून फार्मसीस कोणतेही कर्ज न काढता काम मिळते.

कंपनी आणते ते मोजमाप : प्रत्येक बॅचची क्रोमॅटोग्राफी, जड धातूंची तपासणी, टिकाऊपणाची चाचणी, चिकित्सालयीन परीक्षणाची आखणी. या मोजमापाचे भय बाळगण्याचे कारण नाही. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या योजनेतून गुडघ्याच्या संधिवातावर झालेले काम पाहावे. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर केलेले परीक्षण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दोन आयुर्वेदीय योग ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच परीक्षणात काही रुग्णांत यकृताचे एक एन्झाइम लक्षणांशिवाय वाढल्याचेही आढळले, आणि ते संशोधकांनी न झाकता नोंदविले. आमच्या दृष्टीने या प्रसिद्धीचे मोल दोन्ही निष्कर्षांत आहे. केवळ अनुकूल निष्कर्ष मागणाऱ्या भागीदारापासून दूर राहावे.

करारापूर्वीची चार कलमे

पहिले कलम गोपनीयतेचे. आमच्या परिचयातील एका फार्मसीचालकांनी आपल्या त्वचारोगावरील तेलाची संपूर्ण कृती पहिल्याच बैठकीत चहा घेता घेता सांगून टाकली. पुढे बोलणी फिसकटली, आणि वर्षभराने तशाच पाठाचे तेल दुसऱ्या वेष्टनात बाजारात दिसले. त्यांच्याजवळ दाखविण्यास एकही सही केलेला कागद नव्हता. गोपनीयतेचा करार सही झाल्याशिवाय द्रव्यांचे प्रमाण व संस्कार सांगू नयेत. औषधाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही बोलणीपूर्वीच करावी.

दुसरे कलम पेटंटचे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(पी) नुसार परंपरागत ज्ञानावर पेटंट मिळत नाही, आणि ३(ई) नुसार केवळ मिश्रणावरही नाही. हळदीच्या व्रणरोपणगुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट आपल्या ग्रंथांच्या पुराव्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, हे आपणांस स्मरत असेलच. तीच ढाल आपल्यालाही लागू आहे. अनुदानाच्या अर्जात 'आमचा त्रिफळा श्रेष्ठ' असे लिहून उपयोग नाही. निष्कर्षणाची नवी पद्धत, नवे कल्पस्वरूप किंवा एकत्रित द्रव्यांचा सिद्ध झालेला अधिक परिणाम दाखवावा लागतो. स्टार्टअप व लघुउद्योगांस पेटंटचे अर्जशुल्क मोठ्या कंपनीच्या एकपंचमांश आहे, त्याचा लाभ घ्यावा.

तिसरे कलम जैवविविधतेचे. २००२ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या नोंदणीकृत आयुष चिकित्सकास सवलत मिळाली, तसेच लागवडीच्या औषधी वनस्पतींनाही. परंतु चिकित्सालयातील वैद्याची सवलत त्याने काढलेल्या कंपनीस आपोआप मिळते असे समजू नये. माल लागवडीचा असल्याचे कागद जपावेत, आणि जैवसंपदेवर आधारित पेटंट घ्यावयाचे असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी संबंध येतो हे ध्यानी ठेवावे.

चौथे कलम भागभांडवलाशी निगडित असून बहुतेकांच्या नजरेतून निसटते. परदेशी गुंतवणूकदाराच्या हाती कंपनीचे नियंत्रण गेले, की भारतात नोंदलेली असूनही जैवसंपदा मिळविण्यासाठी तिला प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पैसा मोठा दिसतो म्हणून सही करण्यापूर्वी हा प्रश्न वकिलास अवश्य विचारावा.

आरंभ कोठून करावा

बिगचे अर्ज साधारणतः वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैत मागविले जातात. तेवढ्या अवधीत कोणाही सभासदास एक गोष्ट करता येईल. आपल्या सर्व औषधांपैकी एकच निवडावे. त्याच्या गेल्या काही बॅचचे कागद, कच्च्या मालाच्या पावत्या, वापरलेल्या रुग्णांच्या तारीखवार नोंदी आणि न लागू पडलेल्या रुग्णांच्याही नोंदी एका फाइलमध्ये लावाव्यात. अशी फाइल घेऊन गेलेल्या वैद्याशी शास्त्रज्ञ बरोबरीच्या नात्याने बोलतो, हे आम्ही पाहिले आहे. फाइल नसेल तर आपण केवळ एका पाठाचे विक्रेते ठरतो, आणि त्याचा भाव समोरचाच ठरवितो.

आपल्या जिल्हाशाखांनी वर्षातून एक सभा याच कामासाठी ठेवावी, अशी आमची विनंती आहे. एक पेटंट सल्लागार, एक लहान कंपनीचा संचालक आणि अन्न व औषध प्रशासनातील एक निवृत्त अधिकारी एवढे तिघे बोलावले, तरी अनेक सभासदांचा पहिला करार सुरक्षित होईल.